रिमोटची कॉपी, नवा रिमोट की कीपॅड? गेट-शटरवाल्यांसाठी तुलना

स्लायडिंग गेट असो, गाडीच्या शेडचं शटर असो की नागपुरात इतवारीतल्या दुकानाचं, रिमोट हरवला की चार वाटा असतात. बर्डीच्या बाजारात जाऊन उरलेल्या रिमोटची कॉपी मारून घ्यायची, नवा रिमोट आणून मोटरच्या रिसीव्हरला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या भागाला, शिकवायचा, रिसीव्हरच बदलायचा, नाहीतर भिंतीवर कीपॅड लावायचा. पहिली वाट सगळ्यात स्वस्त, म्हणून बहुतेक जण तीच धरतात. पण कॉपी मारणं वेगळं आणि शिकवणं वेगळं.

कॉपी रिमोट मूळ रिमोटचाच कोड पाठवतो. मोटरच्या लेखी दोन्ही एकच. समजा उद्या ड्रायव्हरनं काम सोडलं आणि त्याच्याकडचा रिमोट परत आला नाही. तो कॉपीचा असेल तर तेवढाच बंद करता येत नाही. तो कोड मिटवला की घरातले सगळे रिमोट एकदम मरतात. शिकवलेल्या रिमोटला मात्र स्वतःचा कोड असतो. रिसीव्हर बरा असेल तर एकटा तोच काढता येतो, आणि साधा असेल तरी सगळं मिटवून हातातले पुन्हा शिकवता येतात. म्हणून रिमोट कितीला पडतो हे नंतर बघा. उद्या कोणाला थांबवायची वेळ येईल, हे आधी ठरवा.

आधी रिमोट उघडा

मागचा एक-दोन स्क्रू काढला की निम्मी उत्तरं आतच मिळतात. गोल किंवा चौकोनी धातूच्या डबीवर ४३३ किंवा आर४३३ लिहिलेलं असतं. काही रिमोटमध्ये क्रिस्टल असतो आणि त्यावर १३.५६ दिसतं. घाबरू नका, त्याला ३२ नं गुणलं की ४३३.९२ मेगाहर्ट्झच येतं. इथल्या बाजारातला बहुतेक माल याच फ्रिक्वेन्सीचा आहे. ३१५ दिसलं तर ४३३ चा कॉपी रिमोट तिथे कितीही वेळ दाबला तरी काही होणार नाही. सोम्फी कंपनीचे आरटीएस जातीचे रिमोट ४३३.४२ वर चालतात. फरक अर्ध्या मेगाहर्ट्झचा, पण साध्या कॉपीत तेवढा फरकही चालत नाही. शिवाय त्यांचा कोड बदलता असतो, त्यामुळे तिथे कॉपीचा विषयच संपतो.

मग चिप बघा. लांबट, अठरा-वीस पायांची २२६२ असेल तर कोड सोल्डरच्या ठिपक्यांनी ठरवलेला असतो. त्यातले आठ पाय कोडचे, प्रत्येक प्लसला, मायनसला किंवा मोकळा. एकूण ६,५६१ जोड्या. दहा छोट्या स्विचांची पट्टी असेल तर जोड्या फक्त १,०२४. आठ पायांची छोटी १५२७ असेल तर कोड कारखान्यातच भरलेला असतो आणि जोड्या दहा लाखांवर जातात. ऐकायला मोठा आकडा, पण तिन्ही प्रकारांत कोड दर वेळी तोच जातो, म्हणून याला फिक्स कोड म्हणतात. एकदा कोणी पकडला की कायमचा पकडला. एचसीएस३०१ किंवा त्याच जातीची चिप दिसली तर तो रोलिंग कोड. प्रत्येक दाबाला नवा कोड, आणि वापरून झालेला रिसीव्हर पुन्हा मानत नाही.

कॉपी की शिकवणं

कॉपीची रीत बहुतेक बाजारू रिमोटमध्ये सारखी. वरची दोन बटणं एकत्र धरली की लाइट लुकलुकतो. मग एक धरून ठेवत दुसरं तीनदा दाबलं की तो जोरात लुकलुकतो, म्हणजे आतला जुना कोड गेला. आता दोन्ही रिमोट डोक्याला डोकं लावून धरायचे, मूळचं बटण दाबून ठेवायचं आणि कॉपीवर हवं ते बटण दाबायचं. लाइट पुन्हा झपाट्यानं लुकलुकला की झालं. नाही झालं तर पहिला संशय मूळ रिमोटच्या सेलवर घ्या. १२ व्होल्टचा २३ए किंवा २७ए सेल उतरला की लाइट लागतो, पण सिग्नल लुळा पडतो. हे दोन सेल एकमेकांच्या जागी बसत नाहीत. २३ए जाड, २७ए बारीक. दुकानात जुना सेल सोबत न्या. आणि दुकानातून निघण्याआधी सगळी बटणं कॉपी झाली का ते बघा. शटरच्या रिमोटवर वर-थांब-खाली अशी तीन बटणं असतात आणि घाईत एकच मारून दिलं जातं.

रोलिंग कोडची कॉपी मारून देतो असं कोणी म्हणालं तर दोनदा विचार करा. काही महागडे रिमोट मूळचा नंबर आणि मोजणी, म्हणजे कितवा कोड चालू आहे तेही, उचलतात. पण पुढे दोघांची मोजणी वेगवेगळी चालते, एक पुढे जातो आणि मागे राहिलेला गेटला जुना वाटतो. मग "कधी चालतो, कधी नाही" अशी तक्रार सुरू होते आणि दोष मोटरला जातो.

शिकवायचं तर मोटरचं किंवा रिसीव्हरचं झाकण काढून 'लर्न' किंवा 'कोड' लिहिलेलं छोटं बटण शोधायचं. एकदा दाबून सोडलं की लाइट लागतो. अर्ध्या मिनिटाच्या आत नव्या रिमोटचं बटण दाबायचं, बऱ्याच रिसीव्हरना दोनदा. लाइट लुकलुकून विझला की नोंद झाली. लाइट नुसता विझला, लुकलुकला नाही, तर बहुधा मेमरी भरलेली आहे किंवा रिमोट दुसऱ्या जातीचा आहे. तेच लर्न बटण लाइट विझेपर्यंत धरून ठेवलं की सगळे कोड मिटतात. काही कार्डांना, म्हणजे मोटरच्या सर्किट बोर्डांना, सहा सेकंद लागतात, काहींना दहा. हे शेवटचं काम सोसायटीत करण्याआधी सगळ्या फ्लॅटवाल्यांना रिमोट घेऊन खाली बोलवा, नाहीतर संध्याकाळी गेटपाशी गाड्यांची रांग लागते. वायरलेस कीपॅड असेल तर तोही यात मिटतो, हे लोक हमखास विसरतात.

रोलिंग रिमोट खिशात किंवा पोरांच्या हातात दबत राहिला आणि नंतर गेट उघडत नसेल, तर आधी गेटजवळ उभं राहून दोनदा दाबा. एचसीएस जातीच्या रिमोटमध्ये पुढच्या १६ कोडपर्यंत रिसीव्हर एका दाबात मानतो. त्यापुढे लागोपाठचे दोन कोड मिळाले की स्वतःच मोजणी जुळवून घेतो. रिसेट करायची गरज बहुतेकदा नसते.

अमेरिकेतून मुलानं पाठवलेला रिमोट किंवा अख्खं ओपनर (दार उघडणारं यंत्र) असेल तर हिशोब वेगळा. तिकडचं ओपनर १२० व्होल्टवर चालतं आणि रिमोट साधारण ३१५ किंवा ३९० मेगाहर्ट्झचे. लिफ्टमास्टर-चेंबरलेन या तिकडच्या ब्रँडमध्ये लर्न बटणाच्या रंगावरून जात ओळखतात: जांभळं म्हणजे ३१५, लाल-नारिंगी म्हणजे ३९०, पिवळं म्हणजे नंतरची पिढी. इथल्या मोटरवर तो रिमोट चालवायच्या भानगडीत पडू नका.

रिसीव्हर बदलणं

मोटर धडधाकट आहे, पण कार्ड फिक्स कोडचं आहे किंवा कंपनीचा रिमोट मिळेनासा झाला आहे, तिथे आमचं मत सरळ आहे: रोलिंग कोडचा वेगळा रिसीव्हर, सोबत त्याचेच दोन-तीन रिमोट. कॉपीपेक्षा खर्च बराच जास्त, पण नव्या मोटरच्या मानानं काहीच नाही. स्लायडिंग गेटच्या कार्डावर 'स्टार्ट' आणि 'कॉमन' अशी टोकं असतात. रिसीव्हरच्या रिलेचे, म्हणजे सिग्नल आला की जुळणाऱ्या स्विचचे, दोन वायर तिथे येतात. सप्लाय देताना व्होल्टेज मोजा. बऱ्याच कार्डांवर २४ व्होल्ट निघतात आणि १२ व्होल्टचा रिसीव्हर तिथे जोडला की पहिल्याच दिवशी जळतो. काम झाल्यावर कार्डावरचा जुना रिसीव्हर काढून टाका किंवा त्याची मेमरी मिटवा. नाहीतर हरवलेला रिमोट अजून चालतोच आणि खर्च पाण्यात.

शटरची मोटर थेट २३० व्होल्टची असते. 'वर' आणि 'खाली' या दोन्ही वायरींना एकाच वेळी करंट गेला की मोटरचं वाइंडिंग जळतं. तिथे दोन रिले एकमेकांना अडवणारा, शटरसाठीचाच रिसीव्हर लागतो. गेटचा रिसीव्हर जुळवून बसवू नये, आणि हे काम मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडूनच.

रेंज कमी पडते म्हणून रिसीव्हर बदलायला निघाला असाल तर आधी अँटेना बघा. साधारण १७ सेंटीमीटरची वायर सरळ आणि लोखंडी डब्याच्या बाहेर हवी. मिस्त्री ती गुंडाळून आत कोंबतात. शेजारी स्वस्त एलईडी दिव्याचा किंवा कॅमेऱ्याचा अडॅप्टर असेल तर तो बंद करून पुन्हा दाबून बघा.

आणि पावसाळ्यात गेट अर्ध्यावर थांबत असेल तर रिमोटला हात लावू नका. काळी माती फुगली की खांब आणि रूळ सरकतात, गेट घासतं, मोटर लोड बघून थांबते. क्लच काढून, म्हणजे गेट मोटरपासून सुटं करून, हातानं ढकला. जड गेलं तर काम लोहाराचं आहे.

कीपॅड कुठे बरा

मोलकरीण, ट्यूशनची मुलं, ऑफिसचा स्टाफ अशी ये-जा असेल तर कीपॅडला तोड नाही. प्रत्येकाला वेगळा नंबर द्यायचा, माणूस गेला की नंबर काढायचा. गाडीतून उतरावं लागतं, हा एकच मोठा तोटा. जुलैच्या धारेत तो जाणवतो.

विकत घेताना एकच गोष्ट नीट विचारा: रिले कुठे आहे? स्वस्त कीपॅडमध्ये रिले आतच असतो. तो भिंतीवरून उचकटून मागच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या की गेट उघडलं, नंबरची गरजच नाही. कंट्रोलर घराच्या आत आणि बाहेर नुसती बटणं, अशी दोन तुकड्यांची जोडी घ्या. वायरलेस कीपॅडलाही हा धोका नाही, फक्त त्याचा सेल वेळेवर बदलावा लागतो.

साध्या तारेच्या कीपॅडमध्ये प्रोग्रामिंग साधारण असं: स्टार, मास्टर कोड, हॅश, मग शून्य दाबून नवा मास्टर दोनदा, मग एक, माणसाचा क्रमांक, हॅश, त्याचा पिन, हॅश. कारखान्यातला मास्टर बहुधा १२३४५६, ८८८८८८ किंवा ९९९९९९ असतो आणि कित्येक गेटांवर तो वर्षानुवर्षं तसाच पडून असतो. बदलून कुठेतरी लिहून ठेवा. विसरलात तर झाकण काढून जम्परनं, म्हणजे बोर्डावरच्या दोन पिना जोडून, रिसेट करावं लागतं. रिलेची वेळ एक सेकंद करा. तो चालू-बंद मोडमध्ये राहिला तर गेट उघडतं आणि पुढचा कोणताच हुकूम घेत नाही.

पिन चार आकड्यांचा, पण वर्षभरात चार बटणं घासून चकाकली की शक्यता दहा हजारांवरून २४ वर येतात. मधूनमधून आकडे बदला. पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यातल्या उन्हात प्लास्टिक तडकतं आणि धातूला बोट लाववत नाही, तेव्हा छज्ज्याखाली, दीड मीटर उंचीवर आणि गेट दिसेल असा लावा. सिलिकॉन वरून आणि बाजूंनी भरा, खालची कड मोकळी ठेवा, म्हणजे आत गेलेलं पाणी निघतं.

सिमकार्डवर चालणारं यंत्र, म्हणजे मिस्ड कॉल दिला की गेट उघडणारं, सोसायटीला सोयीचं आहे. मात्र टू-जीचं यंत्र असेल तर जिओचं सिम त्यात चालत नाही, आणि रिचार्ज संपला की सगळी सोसायटी एकदम बाहेर.

बेसा-मनीषनगरात जुनं बंगलेवजा घर विकत घेणाऱ्यानं तुलनेच्या नादाला न लागता आधी सगळे कोड मिटवावेत. आधीच्या मालकानं दोन रिमोट दिले म्हणजे दोनच होते असं नाही. मिटवल्यावर ते दोन्ही एकदा दाबून बघा. गेट हललं, तर कार्डाखेरीज आणखी एक रिसीव्हर कुठेतरी जोडलेला आहे. तो बहुधा मोटरच्या झाकणामागे किंवा खांबावरच्या डब्यात सापडतो.