वास परत आणायचा कसा: थांबणं, हुंगण्याचा सराव, स्टेरॉइड की पीआरपी?

सर्दी-ताप जाऊन तीन आठवडे झाले तरी फोडणीचा वास येत नाही म्हटलं, की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवतं, मेडिकलवाला झिंकची पट्टी पुढे करतो, शेजारच्या काकू कापराची पुरचुंडी आणून देतात आणि घरातलं एखादं वडीलधारं माणूस म्हणतं, "येईल आपोआप, कशाला घाई?" आकड्यांच्या कसोटीवर या सगळ्यांत भक्कम सल्ला शेवटचा आहे. निदान सुरुवातीच्या दिवसांत तरी.

२०२२ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब छापून आला. कोविडमध्ये वास गेलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांना महिन्याभरात, ९० टक्क्यांना तीन महिन्यांत आणि जवळपास ९६ टक्क्यांना सहा महिन्यांत वास येऊ लागला होता. म्हणजे पहिल्या महिन्यात काहीही घ्या, अगदी काहीच घेऊ नका, चारातल्या तिघांना गुण येणारच. त्यामुळे "आमच्या मावसभावाला अमुक औषधानं आठवड्यात फरक पडला" या वाक्याला पुरावा म्हणून फारशी किंमत उरत नाही. पुढे ज्या उपायांची तुलना करतोय, त्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायला हवा: नुसतं थांबण्यापेक्षा यानं जास्त काय दिलं?

मात्र त्याआधी वास कशानं गेला ते कळलं पाहिजे. नाकात कोंब, म्हणजे पॉलिप, वाढून वास गेला असेल तर गणितच बदलतं. तिथे स्टेरॉइडनं खरोखर फरक पडतो, शस्त्रक्रियेनं पडतो, आणि डुपिलुमॅब नावाच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०१९ पासून पॉलिपसाठी मान्यता आहे. डोक्याला मार बसून वास गेला असेल, तर कवटीच्या तळाशी चाळणीसारखं जे हाड असतं, त्यातून वर जाणारे वासाचे बारीक तंतू तुटलेले असू शकतात. तिथे आशा कमी ठेवावी लागते. ना सर्दी, ना मार, तरी साठीच्या आसपास वास हळूहळू जात असेल तर मेंदूच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण पार्किन्सनमध्ये हात थरथरण्याच्या कितीतरी वर्षं आधी वास कमी झालेला असू शकतो. एकाच नाकपुडीचा वास गेला असेल, किंवा नाकातून रक्त येत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं तपासून घेण्यात चालढकल नको.

आणि चव? "चव गेली" म्हणणाऱ्या बहुतेकांची जीभ शाबूत असते. नाक चिमटीत धरून साखर, मीठ, लिंबू आणि कारल्याचा रस एकेक करून जिभेवर ठेवून बघा. चारही ओळखता आले तर जिभेचं काम चालू आहे. आंब्याचं आंबेपण किंवा गोडा मसाल्याचा घमघमाट घशाच्या मागच्या वाटेनं नाकातच पोचतो, तो गेलेला असतो. मिरचीची आग तिसऱ्याच नसेची, म्हणून वास गेलेली माणसं जेवणात तिखट वाढवत नेतात. चारांपैकी काहीच लागत नसेल किंवा तोंडात सतत धातूची चव येत असेल, तर आधी चालू औषधांची यादी तपासा. मेट्रोनिडाझोलसारख्या अगदी नेहमीच्या गोळीनंही तसं होतं.

इथून पुढचं सगळं विषाणूनं वास गेलेल्यांसाठी.

नाकात नेमकं बिघडतं काय, हे कळलं की उपायांचा तर्क लागतो. हार्वर्डमधल्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटानं २०२० मध्ये दाखवलं, की कोरोनाचा विषाणू ज्या दारानं पेशीत शिरतो ते दार वास घेणाऱ्या चेतापेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर आहे. आधार कोसळला की चेतापेशीही गप्प होतात. पण नाकाच्या छताशी मूळपेशी असतात आणि त्या आधाराच्या पेशी आणि नव्या चेतापेशी घडवत राहतात. बहुतेकांचा वास परत येतो तो याच बळावर. मग उरलेल्यांचं काय अडतं? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २०२२ मध्ये दीर्घकाळ वास गेलेल्यांच्या नाकातले नमुने तपासले, तेव्हा विषाणू गेल्यावरही तिथे रोगप्रतिकारक टी-पेशी ठाण मांडून बसलेल्या दिसल्या. म्हणजे एकीकडे पडझड आणि दुसरीकडे न विझलेली सूज. हुंगण्याचा सराव आणि पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) पडझडीसाठी, स्टेरॉइड सुजेसाठी.

हुंगण्याचा सराव

जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. सराव करणाऱ्यांपैकी दहात जवळपास तिघांना मोजता येईल अशी सुधारणा झाली. न करणाऱ्यांत जेमतेम एखाद्याला. पुढे २०१४ मध्ये जर्मनीतल्याच अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात दिसलं, की वास तीव्र असतील आणि वर्षाच्या आत सुरुवात केली असेल तर फायदा जास्त. २०१५ मध्ये तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी वासांचा संच बदलून नऊ महिने सराव करून घेतला, तर निकाल आणखी बरा आला.

दहात तीन हा काही चमत्कार नव्हे, आणि पहिल्या अभ्यासात आपण हुंगतोय की नाही हे सहभागी लोकांना अर्थातच ठाऊक होतं. तरीही माझं मत सरावाच्याच बाजूनं आहे: खर्च किरकोळ, अपाय जवळपास शून्य, आणि जगभरच्या तज्ज्ञांचं ज्यावर एकमत आहे असा हा एकच उपाय.

करायचा मात्र नीट. झाकणाच्या चार छोट्या बाटल्या घ्या, प्रत्येकीत कापसाचा बोळा आणि त्यावर तेलाचे काही थेंब. लवंगतेल आणि निलगिरीतेल कुठेही मिळतं, लिंबाचं सुगंधी तेल आणि गुलाबाचं अत्तर थोडं शोधावं लागतं. बाटलीवर नाव मोठ्या अक्षरात लिहा. बाटली नाकाशी धरून १५-२० सेकंद हलके, आखूड श्वास घ्या. जोरात ओढू नका. नाव वाचत तो वास कसा असायचा हे आठवायचा प्रयत्न करा. थोडं थांबून पुढची बाटली. तेल कातडीला लागू देऊ नका, लवंगतेल झोंबतं. दोन-तीन महिन्यांनी वास विरले की बोळे बदला, आणि त्याच वेळी संचही बदला: वेलची, जिरं, कॉफी, संत्र्याची साल, जे घरात असेल ते.

एक फसगत टाळा. निलगिरीचा किंवा कापराचा गारवा वासाच्या नसेला कळत नाही, तो चेहऱ्याच्या संवेदनेची नस टिपते. काहीही वास न येणाऱ्या माणसालाही बाम नाकात "जाणवतो". काकूंच्या कापरानं "थोडा आला वास" असं वाटतं ते यामुळे. प्रगती गुलाबावरून मोजा, त्यात असा झोंबणारा भाग जवळपास नसतो. आणि कंटाळ्याची तयारी ठेवा: पहिले काही आठवडे रिकामी बाटली हुंगल्यासारखं वाटतं, बहुतेक लोक सोडतात ते तिथेच. फिजिओथेरपीला जसं रोज जावं लागतं, तसंच हे.

स्टेरॉइड: गोळी, स्प्रे की नाक धुणं?

तिन्हींत एकच औषध म्हणून तिघांना एका पारड्यात टाकू नये.

गोळ्यांच्या मी विरोधात आहे. कोविडनंतर वास जाण्यावर सरसकट स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ नयेत, सराव द्यावा, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं २०२१ मध्येच सांगितलं होतं: फायद्याचा पुरावा तोकडा, अपाय ठाऊक असलेले. साखर वाढते, झोप उडते, रक्तदाब चढतो. आपल्याकडे तर त्याच वर्षी दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण महाराष्ट्रानं पाहिले, आणि त्यामागे अनियंत्रित मधुमेह व बेसुमार स्टेरॉइड ही जोडी पुन्हा पुन्हा पुढे आली. मधुमेह असेल तर या गोळीसाठी डॉक्टरांकडे स्वतःहून आग्रह धरू नका.

स्प्रे सुरक्षित, पण कामाचा कितपत? इजिप्तमध्ये कोविडच्या १०० रुग्णांवर मोमेटासोन या स्टेरॉइडचा स्प्रे तीन आठवडे देऊन पाहिला, नुसत्या सरावापेक्षा लक्षणीय फरक पडला नाही. कारण साधं आहे. वासाची जागा नाकाच्या अगदी छताशी, अरुंद फटीत असते. सरळ बसून मारलेला स्प्रे खालीच अडतो. एलर्जीची सर्दी असेल तर स्प्रे त्यासाठी घ्या, वासासाठी नको.

धुण्याचं प्रकरण जास्त आशादायक आहे. स्टॅनफर्डमध्ये २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात दोन्ही गटांनी सराव केला. एकानं नुसत्या मिठाच्या पाण्यानं नाक धुतलं, दुसऱ्यानं त्यात ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड घालून. सहा महिन्यांनी सुधारणा अनुक्रमे सुमारे २७ आणि ४४ टक्के लोकांत. म्हणजे धुणं हे सरावाला जोड म्हणून, सरावाऐवजी नव्हे. अभ्यास कोविडपूर्वीचा आहे, हे लक्षात असू द्या. औषध डॉक्टरांनी लिहून दिलेलंच घ्या. आणि पाणी उकळून गार केलेलं वापरा. नळाच्या कच्च्या पाण्यानं नाक धुतल्यामुळे मेंदूचा जीवघेणा संसर्ग झाल्याच्या घटना जगात घडलेल्या आहेत.

पीआरपी

गुडघ्यासाठी आणि केसांसाठी ऐकलं असेल तेच हे: स्वतःचं रक्त काढून, फिरवून, प्लेटलेट्सनी भरलेला भाग नाकाच्या छताशी टोचायचा. स्टॅनफर्डच्याच झारा पटेल आणि सहकाऱ्यांनी कोविडनंतर सहा ते बारा महिने वास गेलेल्या, सराव आणि धुणं करूनही अडकलेल्या ३५ जणांना दोन गटांत विभागलं. दोन-दोन आठवड्यांनी तीन इंजेक्शनं. काहींना पीआरपी, काहींना नुसतं मिठाचं पाणी. तीन महिन्यांनी पीआरपी गटात ५७ टक्के लोक सुधारले, दुसऱ्यात ८ टक्के.

जाहिरातीत हा आकडा ठळक दिसेल. ज्या दोन गोष्टी दिसणार नाहीत त्या अशा: शेवटपर्यंत टिकले ते फक्त २६ जण, आणि रुग्णांनी स्वतःच्या वासाला दिलेल्या गुणांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. मोजणीत सुधारणा, पण जेवताना ती वेगळी जाणवेलच असं नाही. माझ्या मते पीआरपी हा सहा महिन्यांचा प्रामाणिक सराव संपल्यावरचा प्रश्न आहे. महिन्याभरात कुणी पॅकेज सांगत असेल तर उठून या. आणि नंतरही, आधी व नंतर वासाची रीतसर चाचणी करणार का, हे विचारा. ‘नाही’ असं उत्तर आलं तर गुण आला की नाही हे कुणालाच कळणार नाही.

ही चाचणी का महत्त्वाची, याचा दाखला पुण्यातला आहे. २०२० मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेनं आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयानं यंत्रानं मोजून-मापून वास देऊन कोविडबाधितांची क्षमता तपासली. आपला वास ठीक आहे असं समजणाऱ्या, लक्षणं नसलेल्या बऱ्याच जणांतही उणीव सापडली. स्वतःच्या नाकाबद्दल आपला अंदाज इतका कच्चा असतो.

बाकीच्या गोळ्या आणि थेंब झटपट उरकतो. ओमेगा-३ आणि अल्फा लायपोइक ॲसिडनं फारसं बिघडत नाही, पण कोविडनंतरच्या वासासाठी ठोस पुरावाही नाही. दम्यावरचं थिओफिलिन घालून नाक धुण्याचा सेंट लुईसमधला ५१ जणांवरचा प्रयोग २०२२ मध्ये निर्णायक फायदा दाखवू शकला नाही. झिंकची गोळी शरीरात झिंक कमी असेल तरच घ्या, आणि नाकात तर झिंक कधीच घालू नका: झिंक असलेल्या ‘झायकॅम’च्या नाकातल्या जेलनं वास गेल्याच्या १३० हून अधिक तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, जून २००९ मध्ये लोकांना ते वापरू नका असं बजावलं होतं. लसणाचा रस, कांद्याचा रस नाकात पिळणंही त्याच माळेतलं.

वास यायला लागला, पण उलटा?

काहींना दोन-तीन महिन्यांनी कॉफी जळक्या रबरासारखी, कांद्याची फोडणी गटारासारखी वाटू लागते. माणसं घाबरतात आणि सराव थांबवतात. थांबवू नका. नव्या चेतापेशी जोडल्या जात असताना हे बहुधा होतं. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठानं कॉफीतला एक गंधकयुक्त रेणू पकडला, जो अगदी अल्प प्रमाणातही हा उलटा वास जागवतो. भाजण्या-तळण्यात, कांदा-लसणात असेच गंधकवाले रेणू असतात. तोवर गार आणि साधं खा: दहीभात, इडली, उकडलेला बटाटा, कापलेलं फळ. वाफाळलेलं ताट टाळा. मानेतल्या चेतागाठीला भूल देण्याचा उपाय यासाठी सांगितला जातो. त्याचे निकाल अजून लहान गटांपुरते आहेत, आणि मानेत सुई घेण्याइतकी घाई कुणी करू नये.

वेळेप्रमाणे सांगायचं तर मी असं करीन: पहिले दोन-तीन आठवडे थांबेन. नाहीच आला तर सराव सुरू करून एकदा दुर्बिणीची तपासणी करून घेईन. तीन महिन्यांवर गेलं तर डॉक्टरांना ब्युडेसोनाइडच्या धुण्याबद्दल विचारीन, सराव चालू ठेवून. सहा महिन्यांनंतर, चाचणीचे आकडे हातात घेऊन, पीआरपीचा विचार. गोळ्यांचा कोर्स या यादीत कुठेच नाही.

यातलं काहीही निवडा, घरात गॅसगळतीचा अलार्म आजच लावा. सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, आणि तुमच्या नाकाला ते कळणार नाही. दूध-भाजीवर तारखा लिहा, आणि उरलेलं अन्न टाकायचं की खायचं हे घरातल्या दुसऱ्या नाकाला ठरवू द्या.