ब्रिक्समीटर: 0 ते 32 चा, हातात धरायचा

तासगाव-पलूस पट्ट्यात द्राक्षाची शुगर मोजायला हाच चालतो. हजार-दीड हजारात मिळतो आणि कामाला पुरतो. मात्र ‘एटीसी’ लिहिलेलाच घ्या, म्हणजे तापमानाची दुरुस्ती आपोआप होते. तीही साधारण 10 ते 30 अंशांपर्यंतच. मार्चमध्ये दुपारी दोनला बागेत घेतलेल्या आकड्यावर भाव ठरवू नये. सकाळी, सावलीत मोजा.

आधी काचेवर डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब टाकून डोळा लावल्यावर आत दिसणारी रेघ शून्यावर आणा. बोअरचं पाणी नको, त्यात क्षार असतात. रेघ पुसट दिसली तर दोष बहुधा यंत्राचा नसतो. रसात गर राहिलेला असतो. फडक्यातून गाळून घ्या.

खरी गफलत नमुन्यात होते. घडाच्या खांद्याचा मणी गोड, शेंड्याचा कमी. उन्हातलेच मणी तोडले तर आकडा फुगतो. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून, खालून मिळून शंभरेक मणी घ्या आणि एकत्र चुरडा. वाईनच्या शिराझ जातीला 22 ते 24 ब्रिक्स (म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण तितके ग्रॅम साखर) बघतात. 22 ला अल्कोहोल साधारण 12 टक्के बसतं. खाण्याच्या थॉमसन जातीचा हिशोब इथे लावू नका. आणि नुसत्या शुगरवर तोडणीही नको, आम्ल आणि पीएच लॅबमधून बघा.

रस आंबायला लागला की हा मीटर खोटं सांगतो, कारण अल्कोहोलमुळे रेघ सरकते. तिथे हायड्रोमीटरच हवा, म्हणजे रसात तरंगवून घनता मोजायची नळी.

नळाखाली धुऊ नका. आत पाणी शिरलं की संपला.