कमळाच्या टाक्याजवळ साप: औषध, आवरासावर की जाळी?

पुण्यात पाषाण, बावधन, कात्रज भागात टेकडीलगतच्या घरी जमिनीच्या पातळीवर कमळाचं टाकं केलं, की पावसाळ्यात बेडूक येतात आणि त्यांच्या मागोमाग साप. बहुतेकदा ती दिवड असते; बिनविषारी, पण डिवचली तर कडकडून चावणारी. बेडूक नागालाही चालतात, ही खरी काळजी.

फिनेल, डांबराच्या गोळ्या, साप पळवण्याची पूड यांवर पैसे घालवू नका. साप त्यावरून सरळ सरपटत जातो. कार्बोलिक ॲसिड तर त्याहून वाईट: हात भाजतात आणि पावसाने ते टाक्यात उतरलं की मासे मरतात.

सुरुवात आवरासावरीपासून करा. खर्च जवळजवळ नाही. टाक्याभोवती तीन फुटांचा पट्टा मोकळा ठेवा, गवत दोन इंचांच्या वर जाऊ देऊ नका. शोभेच्या दगडांमधल्या फटी सिमेंटने भरा, कारण साप दिवसा तिथेच दडतो. जादा पाणी जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाला पाव इंची जाळी बसवा. पक्ष्यांचे दाणे रात्री उचला, नाहीतर उंदीर येतील आणि उंदरांसाठी घोणस, नाग, धामण. उणीव एकच: जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर दुर्लक्ष झालं, की गवत पुन्हा गुडघ्याएवढं.

घरामागे नाला किंवा पडीक जमीन असेल, लहान मुलं असतील, तर जाळीचा खर्च करावाच. पाव इंची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेशचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेच्या जाळीचा) चार फुटी रोल घ्या: तीन फूट वर, सहा इंच जमिनीत, उरलेले सहा इंच मातीखाली बाहेरच्या बाजूला वळवलेले. वरचा भाग थोडा बाहेर झुकवा, खांब आतून रोवा. बाहेरून रोवले तर साप त्यांच्या आधाराने चढतो. काम फसतं ते फाटकाखालच्या फटीत आणि जाळीवर टेकलेल्या जास्वंदीच्या फांद्यांमुळे. नायलॉनची पक्षीजाळी मात्र कधीच नको. तिच्यात साप अडकून जखमी होतो, आणि अडकलेला विषारी साप सोडवायला जाणं जिवावर बेतू शकतं.

टाकं अजून बांधायचं असेल, तर अडीच फूट उंच कठडा आणि बाहेरून गुळगुळीत फरशी. दिवडीला ती चढवत नाही. धामण मात्र शेजारच्या वेलीवरून येऊ शकते, म्हणून वेल लांब लावा.

साप दिसलाच, तर मारू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. चावलाच, तर आवळून बांधू नका, चिरू नका. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.