विहिरीपासून वावरापर्यंत: पीव्हीसी घ्यावा की काळा एचडीपीई?

ओलिताच्या पाईपाचा विषय निघाला की आमच्या वरुड-मोर्शीकडे दोनच नावं पुढे येतात. मी दोन्ही वापरलेत. व्यास किती, किती किलोच्या दाबाचा, हे दुकानदार सांगतोच, म्हणून त्यात शिरत नाही. हरभऱ्याच्या ओलिताआधी ज्यांना ठरवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पीव्हीसी चांगला माल आहे, हे आधीच सांगतो. प्लास्टिक म्हणजे अणूंच्या लांबलचक साखळ्या. पीव्हीसीच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनला क्लोरीनचा एक जाडजूड अणू चिकटलेला असतो आणि त्यामुळे शेजारच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात. साधारण ८० अंशांच्या खाली त्या जागच्या हलत नाहीत. म्हणून पाईप ताठ राहतो, मधे झोल पडत नाही. सोल्युशन लावलं की जोडही एकजीव होतो, कारण ते सोल्युशन पीव्हीसीला खरोखर विरघळवतं. याच पीव्हीसीत तेलासारखा मऊ करणारा पदार्थ घातला की त्याची लवचीक नळी होते. फवारणीची नळी काही वर्षांनी कडक होते ना, ते तेल हळूहळू निघून गेल्यामुळे.

पण जे साखळ्या घट्ट धरून ठेवतं, तेच पाईपाला ठिसूळही करतं. त्यात आपलं ऊन. आमचा पीव्हीसी तीन वर्षं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उघडा होता. वरची बाजू पांढरी पडली, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी निघायची. खालची बाजू मात्र नव्यासारखी. बैलाचा खूर पडला, गाडीचं चाक गेलं, की बारीक चीर पडायची. दिवसा ती दिसायचीही नाही.

ती दिसायची रात्री. रात्रपाळीची लाईट, जानेवारीची थंडी, दोन वाजता मोटर सुरू केली आणि तीच चीर पाईपभर उभी धावत गेली. पीव्हीसीत चीर सुरू झाली की ती सहसा थांबत नाही. मग मोटर बंद करा, पाईप कापा, नवा तुकडा बसवा. ओल्या पाईपाला सोल्युशन धरत नाही, आणि विहिरीकडच्या उंचवट्याहून पाणी थेंब-थेंब येतच राहतं. कापडानं पुसा, पुन्हा पुसा, जोड लावा, वाळेपर्यंत थांबा. तोवर लाईट जाते. त्या हिवाळ्यात असं पाच वेळा झालं आणि गव्हाचं एक पाणी आठवडाभर लांबलं. माझा निर्णय खरं तर तिथेच झाला.

काळा एचडीपीई म्हणजे पॉलिथिनच. त्याची साखळी साधी: नुसता कार्बन आणि हायड्रोजन, फांद्या जवळजवळ नाहीत. पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमध्ये अपघातानं हाती लागलं, पण ते फांद्या-फांद्यांचं, मऊ होतं. सरळ साखळीचं १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी केलं. सरळ साखळ्या एकमेकींना लागून नीट रचल्या जातात, त्यातून मजबुती येते. रचलेल्या भागांच्या मधला सैल भाग आपल्या थंडीतही सैलच राहतो आणि मार झेलतो. खूर पडला तर पाईप चेपतो, फुटत नाही. फुटलाच, तर कपलरची (दोन नग जोडणाऱ्या तोंडाची) कडी काढायची, वीस फुटांचा जादाचा नग लावायचा. बॅटरीच्या उजेडात दहा मिनिटांचं काम.

याचेही त्रास आहेत. सोल्युशन याला अजिबात धरत नाही, कितीही लावा. नग सांधायचा तर वेल्डिंगवालाच गाठावा लागतो. उन्हात तो सापासारखा वळतो: शंभर फुटांच्या ओळीत ३० अंशांचा फरक पडला तर काळा पाईप सात इंचांच्या आसपास वाढतो, पीव्हीसी अडीचच्या आसपास. दुपारी ओळ वाकडी दिसली तर घाबरू नका, पण जोडाची रबर रिंग तपासत जा. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवताना मात्र तो लांब ठेवा, १३० अंशांच्या आसपास वितळतोच.

आणि काळा म्हणजे सगळा सारखा नव्हे. आत काजळी असते, ती ऊन स्वतः शोषून साखळ्यांना वाचवते. मानकाप्रमाणे ती २.५ टक्क्यांच्या आसपास हवी आणि सगळीकडे सारखी मिसळलेली हवी. मी पहिल्यांदा स्वस्तातला घेतला, तो दुसऱ्याच उन्हाळ्यात कपलरपाशी तडकला. आता घेताना एक तुकडा कापून बादलीत टाकतो. चांगला एचडीपीई पाण्याहून हलका असतो, तो तरंगतो. बुडला, तर त्यात खडूची भुकटी जास्त घातलीय असं समजा. वितळवून पुन्हा ओतलेला माल मात्र या चाचणीत पकडला जात नाही, कारण तोही तरंगतो. त्यासाठी कापलेली कड बघा: खडबडीत, बुडबुड्यांची असेल तर सोडून द्या.

विहिरीपासून धुऱ्यापर्यंत कायमची लाईन पुरायची असेल तर पीव्हीसी घ्या. जमिनीखाली ऊन लागत नाही आणि खर्चही कमी येतो. काळ्या जमिनीत मात्र तो खोल पुरा, उन्हाळ्यात भेगा पडल्या की वरवरचे जोड ओढले जातात. तुमचं वावर लहान असेल, लाईट दिवसाची असेल, पाईप दरवर्षी उचलून सावलीत ठेवणार असाल, तर वरच्या ओळीलाही पीव्हीसी चालून जाईल. माझ्याकडे पुरलेली लाईन संपते तिथल्या व्हॉल्व्हच्या पुढे सगळा काळाच आहे. पाचवा हिवाळा चाललाय, आणि गोठ्यात सोल्युशनचा डबा आता ठेवत नाही.