गरम कुंडांजवळचा कातळ: एएमएस करू की पॅलिओमॅग?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या तुरळ-राजवाडीच्या गरम झऱ्यांच्या बाजूला प्रोजेक्ट करायचाय, फिल्डला एकच सीझन आहे, मग एएमएस (दगडाचा चुंबकीय गुण दिशेनुसार किती बदलतो ते मोजणं) करू की पॅलिओमॅग (दगडात गोठलेली जुनी चुंबकीय दिशा शोधणं)? कोअर (ड्रिलने काढलेला दगडाचा दांडा) दोन्हीला तोच, अडीच सेंटिमीटर जाडीचा, दिशा मार्क केलेला.

एएमएसमध्ये दगड कुठल्या दिशेने जास्त सहज चुंबकित होतो ते बघतात. डाइकमध्ये (भेगेत घुसून गोठलेल्या मॅग्माच्या भिंतीत) मॅग्मा कुठून कसा आला हे त्यावरून कळतं, आणि आपल्याकडे वज्रेश्वरीपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत गरम झरे उत्तर-दक्षिण पट्ट्यात, बरेच डाइकही त्याच दिशेचे, म्हणून मोह होतोच. एका नमुन्याला काही मिनिटं पुरतात. पण बेसॉल्टमध्ये हा फरक जेमतेम काही टक्के, वर मॅग्नेटाइटचे कण अतिबारीक निघाले तर दिशा उलटीच दिसते, म्हणून डाइकच्या दोन्ही कडांचे भरपूर कोअर लागतात.

पॅलिओमॅग म्हणजे चिकाटीचं काम. नंतर चढलेलं चुंबकत्व पुसून लाव्हाचं मूळ उरावं म्हणून नमुना टप्प्याटप्प्याने तापवत न्यायचा, मॅग्नेटाइट असेल तर पार 580 अंशांपर्यंत. पण पनवेल फ्लेक्शरमध्ये (लाव्हाचे थर वाकलेत त्या पट्ट्यात) थर समुद्राकडे कललेत ते गोठल्यानंतर कलले का, हे एएमएस नीट सांगणार नाही. हे थर साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे, तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, म्हणजे दिशा काय यायला हवी ते माहितीये, थर कागदावर आडवा करायचा आणि जुळते का बघायचं, जुळली तर थर गोठल्यानंतर कलले.

खरी गोची झऱ्यांची. साठेक अंशांच्या पाण्याने मॅग्नेटाइटचं जुनं चुंबकत्व पुसलं जात नाही, पण भेगांतून फिरणारं पाणी मॅग्नेटाइटच खाऊन टाकतं आणि हेमॅटाइट वगैरे तयार झालं की त्यात नंतरच्या काळाची दिशा बसते, मग तुम्ही तिलाच लाव्हाची दिशा समजून बसता. म्हणून भेगेपासून लांब जात ओळीने कोअर घ्या आणि ससेप्टिबिलिटी (दगड किती सहज चुंबकित होतो) बघा, भेगेजवळ ती बहुतेक पडलेली दिसेल, आणि टेक्टॉनिक्सवाल्याला (भूकवचाच्या हालचाली अभ्यासणाऱ्याला) ती पडझडच हवी असते कारण पाणी कुठल्या भेगेतून चढलं ते तिथं दिसतं.

माझं मत विचाराल तर आधी सगळ्या कोअरवर एएमएस, मग त्यातलेच निवडक तापवायला. क्रम उलटा केलात तर गेलं, कारण तापवल्यावर नवी खनिजं होतात आणि मूळ फॅब्रिक (कणांची मांडणी) बिघडतं.

आणि हो, सन कंपास (सूर्यावरून दिशा काढायचा) न्या, बेसॉल्टवर साधा कंपास फसवतो. जांभ्यात ड्रिल मारू नका. कुंडाच्या काठावर तर नकोच, गावकरी हाकलतील आणि बरोबरच आहे त्यांचं, पऱ्याने (ओढ्याने) थोडं वर चढा, पाण्याने धुतलेला ताजा काळा दगड तिथं मिळतो.