दोन केबलींचे पैसे घेतले आणि भिंतीत टाकली एकच

घरात लॅन केबल, म्हणजे राऊटरपासून खोलीपर्यंत नेटची तार, टाकून घ्यायचा विचार करत असाल तर आधी हे वाचा. आमचे साडेचौदा हजार गेलेत आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

आमचं घर इंदूरला रामबागेत, आजेसासऱ्यांनी बांधलेलं, भिंती दीड दीड फुटी. राऊटर खाली पुढच्या खोलीत आणि मुलगा काम करतो वर मागच्या खोलीत, तिथे वायफायची जेमतेम एक दांडी. 5 गिगाहर्ट्झवालं तर वर दिसायचंच नाही, असल्या भिंतींपुढे ते टिकत नाही, 2.4 वालं पोचायचं पण रखडत. मीटिंगमध्ये आवाज तुटायचा म्हणून तो जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा, मला बघवायचं नाही. शेवटी ठरवलं की वर दोन केबल टाकून घेऊ, एक त्याच्या टेबलाशी, एक शेजारच्या खोलीत टीव्हीला.

ज्याला बोलावलं तो मराठी बोलणारा निघाला. इथे इंदुरात दिवसभर बाहेर हिंदीच बोलतो आपण, त्यात कोणी दारात येऊन "काकू, जरा पाणी देता का" म्हटलं की लगेच आपलं माणूस वाटतं, तसंच झालं. पोहे दिले, चहा दिला, घासाघीस केलीच नाही. व्हॉट्सॲपवर त्याने लिहून पाठवलं होतं, शुद्ध तांब्याची कॅट 6 केबल, दोन लाइनी, प्रत्येकी 35 मीटर, गिगाबिट स्विच (म्हणजे एका नेटच्या केबलीतून अनेक जोडण्या देणारा डबा, 1000 एमबीपीएसपर्यंत चालणारा), वायफायचा एक बूस्टर आणि मजुरी. बिल मागितलं तर म्हणाला पक्कं बिल केलं की जीएसटी लागेल काकू, तुमचेच पैसे वाचवतोय. मी बरं म्हटलं. तिथेच चुकलं.

काम झालं त्या दिवशी हे बाहेर गेलेले, मी स्वयंपाकात, दोघांनी दुपारी भराभर केसिंग पट्ट्या ठोकल्या आणि राऊटरच्या शेजारी उभं राहून मोबाइलवर स्पीड दाखवला. वर जाऊन केबल लावून दाखवलाच नाही, आणि मीही म्हटलं नाही की चल वर. अर्धे पैसे रोख दिले, अर्धे यूपीआयने.

आमचा नेटचा प्लॅन 300 एमबीपीएस स्पीडचा. वर केबल लावली की 94. सकाळी बघा, रात्री बघा, 94, फार तर 95. त्याला फोन केला तर म्हणे कंपनीच पूर्ण स्पीड देत नाही. मग आम्ही नेटवाल्यांशी भांडलो, त्यांचा बिचारा मुलगा दोनदा येऊन थेट राऊटरला लॅपटॉप लावून पूर्ण 300 दाखवून गेला, तरी मी त्यालाच बोलले. त्याचं फार वाईट वाटतं मला.

गणपतीत पुण्याहून भाचा आला, तो हेच काम करतो. आकडा ऐकल्याबरोबर म्हणाला, मावशी, 94 उगीच नाही येत. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये इथरनेट उघडलं तर लिंक स्पीड 100, स्विच गिगाबिट असून. त्याने समजावलं ते असं, केबलीत आठ तारा असतात, चार जोड्या. 100 च्या लिंकला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, जोड्या कमी पडल्या की यंत्रं 100 वर उतरतात आणि त्यातून हातात 94-95 च येतात.

मग त्याने मुलाच्या खोलीतला सॉकेटचा डबा उघडला. आतून एकच केबल आलेली! नारिंगी आणि हिरवी जोडी या सॉकेटला, आणि निळी आणि तपकिरी भिंतीला भोक पाडून पलीकडे टीव्हीच्या सॉकेटला. खाली राऊटरमागे पट्टीच्या आतही तेच, एका केबलीची दोन टोकं करून वर काळी टेप गुंडाळलेली. म्हणजे 70 मीटरचे पैसे घेऊन 35 मीटर टाकली.

आणि ती तरी तांब्याची असावी ना. भाच्याने ब्लेडने तार जराशी खरवडली तर लाल रंग निघून आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा, याला सीसीए म्हणतात. खरी तांब्याची तार कितीही खरवडा, आत लालच राहते. कॅमेऱ्यासारखी वस्तू ज्याला वीजही त्याच केबलीतून जाते तिथे तर ही अजिबात नको, तार जास्त तापते. आमच्या भंगारवाल्याला एक तुकडा दाखवला तर त्याने नुसता हातात तोलून सांगितलं, ये तांबा नहीं है भाभी.

बूस्टरचंही तसंच. तो साधा रिपीटर, एकाच रेडिओवर राऊटरकडून घेणार आणि त्याच रेडिओवर पुढे देणार, त्यात निम्मा स्पीड जातो. वर केबल आलेलीच होती तर तिथे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलीतून नेट घेऊन वायफाय देणारा डबा, लावायचा ना. आणि वायफायचा पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर टाकून गेला होता, राऊटरचं लॉगिनही ॲडमिन-ॲडमिनच. दोन्ही त्याच रात्री बदलले. तुमच्याकडेही कोणी काम करून गेलं असेल तर आजच बदला.

फोटो पाठवले तर फोन उचलणं बंद. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, पक्कं बिल नाही पण व्हॉट्सॲपचं लिहिलेलं आणि यूपीआयची नोंद आहे, ते जपून ठेवलंय. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, कागद तयार करतोय. हे कळल्यावर त्याने चार हजार परत पाठवले, वर मेसेज, काकू गैरसमज झाला. मी उत्तर दिलेलं नाही.

नवीन केबल भाच्याने स्वतः उभं राहून टाकून घेतली, दोन वेगळ्या, आता मुलाच्या टेबलाशी 280 च्या वर येतो आणि जिन्यातली उशी परत दिवाणावर गेली. जुनी केबल तशीच गुंडाळून ठेवलीय आयोगात दाखवायला. सुदामा नगरात नणंदेकडे पुढच्या आठवड्यात हेच काम आहे, तिच्याकडे मी ब्लेड घेऊन जाणार आहे, आणि पहिली पट्टी ठोकायच्या आधीच तार खरवडून बघणार आहे.