अण्णांच्या गादीतला सेन्सर : आठ महिन्यांनंतर

अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला सव्वा वर्ष झालं. वय 78, वजन 74 किलो. घरी आणलं तेव्हाच माकडहाडावर रुपयाएवढा डाग होता. आमच्या सावळ्या कातडीवर लाली धड दिसतही नाही. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी बोट दाबून दाखवलं: दाबल्यावर जागा फिकी पडत नाही, हाताला भोवतीपेक्षा गरम लागते, म्हणजे बेडसोअरची, पडून राहून होणाऱ्या दाबाच्या जखमेची, पहिली पायरी.

एअर बेड होता, दर दोन तासांनी कूस बदलत होतो, फ्रिजवर तक्ता लावून खुणा करत होतो. तरी पाच महिने तो डाग जायचा आणि परत यायचा. शेवटी भाच्याने परदेशातून येताना दाब मोजणारी चटई आणली. तेवढ्या पैशांत नवी स्कूटर आली असती. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे निम्म्या तक्रारीच आहेत.

चादरीखाली अंथरायची ही पातळ चटई. आत आडव्या-उभ्या पट्ट्यांचे दोन थर आणि मध्ये दबणारा स्पंज. जिथे वजन जास्त तिथे थर जवळ येतात, त्या जागेची विद्युतधारिता (वीज साठवायची क्षमता) वाढते आणि फोनवर अंगाचा नकाशा उमटतो. निळं म्हणजे हलका दाब, लाल म्हणजे जास्त. एकाच जागी किती वेळ दाब राहिला तेही मोजतं.

पहिल्याच रात्रीची गोष्ट. अण्णांना डाव्या कुशीवर केलं, पाठीमागे उशी लावली, रात्री अण्णांना बघायला ठेवलेल्या मावशींनी तक्त्यावर खूण केली. फोनवर बघतो तर माकडहाडाखालचा लाल ठिपका जागच्या जागी. खांदे फिरले होते, कंबर तशीच टेकलेली. म्हणजे पाच महिने आम्ही ज्याला कूस म्हणत होतो ती फक्त खांद्यांची कूस होती! मग आडवी चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून ओढली, उशी दुमडून खुब्यापासून मांडीपर्यंत सरकवली. ठिपका पिवळा झाला, मग हिरवा. सिस्टर म्हणाल्या, साधारण 30 अंश तिरकं पुरे. पूर्ण कुशीवर करून पाहिलं तर खुब्याचं हाड लालभडक. कोणीतरी प्रेमाने दिलेली हवेची रिंगही ठेवून पाहिली, नकाशात लाल बांगडीच उमटली. ती रिंग आता माळ्यावर आहे.

तीन आठवड्यांत डाग गेला आणि तिथे पुन्हा आला नाही. यासाठी पैसे वसूल, असं मी म्हणेन.

आता तक्रारी. चटई खांद्यापासून मांडीपर्यंतच आहे. चौथ्या महिन्यात ॲप रोज 'सर्व ठीक' म्हणत असताना उजव्या टाचेला पाण्याचा फोड आला. लुळा पाय तासन्‌तास टाचेवर टेकलेला, आणि आम्ही सगळे स्क्रीनकडे बघत बसलेलो. चूक आमचीच, पण त्या हिरव्या खुणेने गाफील केलं हेही खरं. ती टाच बरी व्हायला दीड महिना गेला. आता पोटरीखाली उशी आणि टाच अधांतरी.

दुसरं म्हणजे घसरण याला कळत नाही. भरवताना पाठ उचलली की अण्णा हळूहळू खाली सरकतात. कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड मात्र सरकतं, आणि ही ओढाताण दाबाइतकीच वाईट. त्यासाठी आधी गुडघ्याखाली उशी, मग पाठ वर, हा क्रम आम्ही पाठच केलाय.

एअर बेडशी याचं फारसं जमत नाही. कप्पे आलटून पालटून फुगतात तसे आकडे नाचतात. सुरुवातीला रात्रीत सात-आठ वेळा उगाच अलार्म व्हायचा. सेटिंगमध्ये सूचनेची वेळ वाढवली तेव्हा कुठे झोप मिळाली. एकदा पहाटे सगळाच नकाशा लाल झाला. चटई बिघडली म्हणून मी वैतागलो, तर लघवीची पिशवी गळत होती. ओल लागली की माप चुकतं. पण ओली पाठ लगेच कळली, म्हणून त्या दिवशी शिव्या दिल्या नाहीत. वीज गेली की वायफाय जातं आणि त्याबरोबर हेही. राउटरला छोटा इन्व्हर्टर लावावा लागला.

आणि मावशी. नव्याच्या नवलाईत मी दोनदा ॲप दाखवून विचारलं, "पावणेतीन ते पाच काय झालं?" दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "मग दादा, रात्रीला तुमच्या फोनलाच ठेवा." 74 किलोचा माणूस एकट्या बाईने फिरवायचा कसा, हे मी विचारलंच नव्हतं. आता तीनचा अलार्म माझ्या फोनवर वाजतो आणि मी उठतो.

अमेरिकेत स्टॅनफर्डच्या अतिदक्षता विभागांत 1312 रुग्णांवर झालेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. तिथे छातीवर चिकटवायचा सेन्सर होता. सेन्सरच्या सूचनेवर फिरवलेल्यांत 0.7 टक्के रुग्णांना दाबाच्या जखमा झाल्या, बाकीच्यांत 2.3 टक्के. फरक मोठा आहे, पण तिथे सूचना आली की उठायला पगारी नर्स होत्या. घरात तेवढे हात नसतील तर आधी रात्रीच्या माणसावर खर्च करा, नंतर चटईवर.

हल्ली मावशी उशी लावल्यावर तळहात कमरेखाली घालून बघतात आणि मगच माझ्याकडे फोन मागतात. बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर निघतो. ॲपची वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय. वर्षाची घेतली तर सवलत आहे, पण मी सहा महिन्यांचीच भरणार आहे.